विषय : अंगठा न उमटल्याबाबत

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या गेटाशी
माझं टेबल, एक छत्री, आणि यंदापासून प्रिंटर.
अर्जाचे चाळीस, शपथपत्राचे सत्तर,
रडण्याचे पैसे घेत नाही.

द्रौपदाबाई खंडाळे आल्या सोमवारी
जनता वसाहतीतून, दोन बस बदलून.
टेबलावर आधी अंगठा ठेवला, मग कागद.
एकवीस वर्षं सहकारनगरची भांडी घासून
रेघा गेल्यात सगळ्या.
रेशनच्या मशीनला त्या दिसत नाहीत.
दुकानदार म्हणतो, मावशी, तुम्ही तुम्हीच, मला कळतंय,
पण ह्याला पटायला हवं ना.

मी सुरू केलं :
प्रति, मा. अन्नधान्य वितरण अधिकारी,
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून…
ही वाक्यं माझी बोटं झोपेतही बडवतात.

तेवढ्यात त्यांचा प्रणित पुढे झाला,
पाठीवर चौकोनी पिशवी, रिकामी.
माझाबी एक लिहा, काका.
शुक्रवारपासून आयडी बंद आहे.
मोबाइल सकाळी तोंड बघतो, मग काम देतो.
शुक्रवारी म्हणाला, हा तू नव्हेस.
दाढी केली, टोपी काढली,
उन्हात उभा राहिलो लक्ष्मीनारायणच्या चौकात.
तरी नाही.

बरं. प्रति कोण?
गप्प.
साहेबाचं नाव? साहेब नसतो.
ऑफिस? खराडीला होतं, आता तिथे जिम आहे.
मग बोलतोस कुणाशी?
त्यानं दाखवलं : काचेत एक हसरं तोंड,
‘तुमचं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं’,
आणि खाली पाच चांदण्या, रंगवायला.

तीस वर्षांत पहिल्यांदा
माझं ‘प्रति’ रिकामं राहिलं.

शेजारचे गुंजाळ वकील खुर्ची ओढत आले.
म्हणाले, कॉर्पोरेशनइतकं नीच काही नाही.
मेव्हण्याचं दुकान रस्तारुंदीत गेलं,
नोटीस दुसऱ्या दिवशी आली.
चहावाला इस्माईल म्हणाला, खरंय साहेब,
कॉर्पोरेशनच वाईट.
दोघं दोन वेगळ्या कॉर्पोरेशनना शिव्या देतायत
हे कप विसळेपर्यंत कळलं नाही कुणाला.

कळल्यावर जुंपली.
कंपनी नको तर सोड, सरकार सोडून कुठे जाशील?
आणि हा पोरगा कुठे जाईल? दुसरं अ‍ॅप?
त्याला पहिल्यानं आधीच सांगितलेलं असतं.

मी सरकारच्या बाजूनं बोललो, थोडंसं.
तिथे निदान आवक-जावक आहे.
अर्ज मरतो,
पण मरताना त्याला क्रमांक मिळतो.
(माझं पोट त्याच शिक्क्यावर चालतं,
तेव्हा माझं मत चाळीस रुपयांचं धरा.)

द्रौपदाबाई इतका वेळ पदर चाळवत होत्या.
म्हणाल्या, मशीन बिघडलं की दुकानदार फोन लावतो,
तोबी कुठल्याशा कंपनीलाच.
आणि प्रणित म्हणाला, माझं तोंड
आधारच्या फोटोशीच ताडून बघतात, काका.
म्हणजे तो ह्याला विचारणार ही कोण,
हा त्याला विचारणार हा कोण,
आणि दोघे मिळून आपल्याला अंगठा दाखवणार.
गुंजाळ हसले. मग हसायचे थांबले.

तरी मी दोन्ही अर्ज छापले.
पोराच्या अर्जात ‘प्रति’पुढे चार बोटं जागा सोडली,
त्यानं घडी घालून पिशवीत टाकला,
पैसे नंतर देतो म्हणाला. बरं म्हटलं.

मग शाईचा पॅड उघडला.
बाईंनी अंगठा दाबला, जरा जास्तच जोरात.
कागदावर निळा गोळा. रेघ एकही नाही.
आलंय की, त्या म्हणाल्या.
मी त्याच्याखाली टाइप केलं, रोज करतो तसंच,
पण आज प्रत्येक अक्षर वाचत :

निशाणी डाव्या हाताचा अंगठा,
द्रौपदा किसन खंडाळे,
माझ्या समक्ष.